सहापैकी चार

करामा, दुबई
१८ एप्रिल १९९७

ताई,

खुशालीचं लिहावं असं काही नाही, म्हणून ते सोडते आणि थेट कामाचं सांगते. तुझा भाऊ एकदाचा तयार झाला.

मार्चमध्ये पुण्यात त्या डॉक्टरांनी माझं रक्त घेतलं आणि "आता मिस्टरांचंही लागेल" म्हणाले, तेव्हापासून घरात धुसफूस चालली होती. वासूचं म्हणणं, "माझं कशाला? आय ॲम परफेक्टली फाइन. आणि चारशे दिरहम, म्हणजे चार हजार रुपये झाले. कशासाठी?" खरं कारण तुला माहीत आहेच. लहानपणी इंजेक्शन म्हटलं की कोठीत लपून बसणारा मुलगा चाळिशीला आला म्हणून बदलत नाही. शेवटी मी बोलायचंच बंद केलं. पंधरा दिवसांनी स्वारी म्हणाली, "ठीक आहे, देतो. पण एकदाच. पुन्हा कुणी सुई घेऊन आलं तर खलास, विषय बंद."

तू फोनवर विचारत होतीस, ही तपासणी नक्की कसली. मला समजलं तेवढं सांगते. बाळ अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं. बापाचा भाग परका आहे हे आईच्या अंगाला कळलं, की ते बाळाला सांभाळायची तयारी करतं. नवराबायकोच्या रक्तातल्या पेशींवरच्या खुणा फार सारख्या असल्या, तर अंगाला काही कळतच नाही, तयारी होत नाही आणि बाळ जातं. असं त्या डॉक्टरांचं मत आहे. दोघांच्या खुणा जुळवून बघायच्या, एवढीच तपासणी. मी वासूच्या सख्ख्या मामाची मुलगी आहे हे सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. आता आमचं लग्न कुणी जुळवलं ते मी त्यांना सांगितलं नाही हो, घाबरू नकोस!

ताई, थट्टा करते आहे, पण मला कारण हवं आहे. तीन गेली. दोन तिसऱ्या महिन्यात, जानेवारीतलं चौथ्यात. दर वेळी इथले डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात, "एव्हरीथिंग नॉर्मल. इन्शाल्ला नेक्स्ट टाइम." सगळं नॉर्मल आहे तर माझी मुलं कुठे आहेत? काहीतरी वाईट निघालं तरी चालेल, पण काहीतरी निघू दे.

तर आता नीट वाच. वासूच्या गोदामातले मुरलीधर २ मेच्या रात्रीच्या विमानाने सुट्टीवर निघतात. इथून जाणाऱ्याच्या बॅगेत कुणी टँगचे डबे देतं, कुणी साड्या. मी नवऱ्याचं रक्त देते आहे. मुरलीधर म्हणाले, "वहिनी, याच्यापेक्षा मिक्सर दिला असता तर बरं झालं असतं." ते शनिवारी संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे पोचतील. लॅबचा माणूस रविवारी सकाळी दहाला मुद्दाम लॅब उघडणार आहे, तिथे ती पोचव. तोवर नळी साध्या हवेत, सावलीत ठेवायची. पेशी जिवंत लागतात. सोबत कागद दिला आहे, तो वाच.

तुझी,
मंजुषा


कोथरूड, पुणे
२८ मे १९९७

मंजू,

मुरलीधर सांगितल्याप्रमाणे शनिवारी सात वाजता आले. सज्जन गृहस्थ. नळी रुमालात गुंडाळून, शर्टाच्या खिशात ठेवून आणली होती, एअर होस्टेसला म्हणे अत्तर आहे असं सांगितलं. त्यांना पन्हं दिलं. रविवारी सकाळी मी आणि दत्ता लॅबमध्ये गेलो आणि काम उरकून आलो. दत्ताला बँकेची सुट्टी होती हे बरं झालं. काही अडचण आली नाही.

रिपोर्ट काल मिळाला. तो या पाकिटात आहे. मी डॉक्टरांनाही भेटून आले. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. माणसाच्या तीन जोड्या, म्हणजे सहा खुणा बघतात. त्यांतल्या चार तुमच्या दोघांच्या सारख्या आल्या. त्यांच्या मते हे फार झालं. ते म्हणाले, "कारण सापडलं असं समजा." नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून बायकोच्या हातात टोचतात, म्हणजे अंगाला त्यांची ओळख पटते, असा उपाय ते करतात. तीनचार वेळा करावं लागतं. त्यासाठी वासूला इथे यावं लागेल.

मंजू, मला हे लिहिताना फार जड जातं आहे. आई गेल्यावर वासू आणि दत्ता, या दोघा भावांना मी वाढवलं. वासूसाठी मामाचीच मुलगी करायची, हे आईच्या मनातलं होतं आणि ते मी तडीस नेलं. बाहेरची मुलगी आली तर वासू दुरावेल, अशी भीतीही होती, आता खोटं कशाला बोलू. तू आलीस तेव्हा घरचीच मुलगी घरात आली असं वाटलं. ते रक्तच आता तुमच्या मुळावर आलं असेल, तर तो दोष माझा आहे, तुझा नाही आणि वासूचाही नाही. त्याला तसं सांग.

आंबे यंदा महाग आहेत. मुरलीधर परत निघतील तेव्हा दोन डझन पाठवते.

ताई


करामा, दुबई
२० जून १९९७

ताई,

पत्र वासूच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर आलं, त्यामुळे त्यानेच आधी फोडलं. घरी येऊन कागद माझ्यापुढे ठेवला आणि हात न धुताच जेवायला बसला. पहिली पोळी संपल्यावर म्हणाला, "सहापैकी चार. म्हणजे आपण नवराबायको कमी आणि भाऊबहीण जास्त." मी हसले. तो हसला नाही.

तू दोष स्वतःकडे घेऊ नकोस. मी लहानपणापासून वासूच्या मागे मागे हिंडत होते, तू मध्ये नसतीस तरी मी त्याच्याशीच लग्न केलं असतं. तुला खरं सांगू? तो कागद पाहून मला किती हलकं वाटलं. सहा वर्षं मी मनात यादी करत होते. जड पिशवी उचलली म्हणून, पपई खाल्ली म्हणून, एसीत झोपले म्हणून, ऑफिसात जिना चढले म्हणून. ती यादी मी फाडून टाकली. कागद मात्र कपाटात, पासपोर्टच्या फायलीत ठेवला आहे. मधूनमधून काढून बघते.

वासू डिसेंबरमध्ये येणार आहे, टोचून घ्यायला मी आहेच. "एकदाच" म्हणणाऱ्याने तीनदा रक्त द्यायचं कबूल केलं आहे. बघ आता.

मंजुषा


करामा, दुबई
१४ जून १९९८

ताई,

फोनवर मी बोलले नाही, वासूनेच सांगितलं, म्हणून लिहिते.

एकोणिसावा आठवडा होता. या वेळी पोट दिसायला लागलं होतं. इथल्या ऑफिसात मी सांगून टाकलं होतं, तिथे तू आजीच्या साड्यांची दुपटी शिवली होतीस. टोचलेल्या जागी हातावर अजून गुलाबी डाग आहेत, तेव्हा आत ओळख पटली असेल असं मी धरून चालले होते. बुधवारी दुपारी पाणी गेलं. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा होता. नर्सने विचारलं, बघणार का. मी हो म्हटलं. वासू बाहेर गेला. मग त्यांनी विचारलं, तुम्ही नेणार की आम्हीच सगळं करू. वासूने "तुम्हीच करा" म्हणून सही केली. मला विचारलं नाही. मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, तेही मला ठाऊक नाही.

शेजारची अस्मी शाळेतून आली की आमच्याकडे थांबते, पहिलीत आहे. मी तिला पोटावर हात ठेवू द्यायचे. परवा तिने दारातूनच विचारलं, "आंटी, व्हेअर इज द बेबी?" मी म्हटलं, "नाही आलं." ती म्हणाली, "ओके," आणि दप्तर ठेवून कार्टून लावलं. मला तिचा राग आला, ताई. सात वर्षांच्या मुलीचा.

पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, इतकं जुळत असलं तर कधी कधी या उपायालाही यश येत नाही. वासूने फोन ठेवला आणि म्हणाला, "बस झालं. तुला आणखी एकदा तिथे आडवी पडलेली मी बघणार नाही." मीही हो म्हटलं. आता नाही. तू पुन्हा कुणा वैद्याचा पत्ता पाठवू नकोस.

मंजुषा


कोथरूड, पुणे
५ जुलै १९९८

मंजू बाळ,

तुझं पत्र शाळेत वाचलं. हेडसरांनी विचारलं, "बाई, काय झालं?" मी म्हटलं, कांदा. ऑफिसात कसला कांदा!

पत्ता पाठवत नाही. काहीच पाठवत नाही. मात्र एक म्हणते. कागदावर जे लिहिलं आहे ते काळ्या दगडावरची रेघ समजू नकोस. लॅबच्या चुका होतात. यंत्रं चुकतात, माणसं चुकतात. वासू पुन्हा एकदा रक्त द्यायला तयार झाला तर दुसऱ्या लॅबमध्ये करून बघायला काय हरकत आहे? चिडू नकोस, सुचलं ते लिहिलं.

आणि इकडे ये. सुट्टी मिळाली की एकटी ये. तुझ्या केसांना तेल लावेन, आणखी काही करणार नाही.

ताई


कोथरूड, पुणे
९ नोव्हेंबर १९९८

मंजू,

तू जाऊन तीन आठवडे झाले आणि घर खायला उठलं आहे. दत्ता म्हणतो, "वहिनी आठच दिवस होती, तू तर सासरी पाठवल्यासारखी रडतेस."

पण तुझ्यावर थोडी नाराज आहे. तू आलीस आणि आल्या दिवसापासून माझ्याशी हातचं राखून वागलीस. निम्मा वेळ पडून होतीस. मी शिरा केला तर वास नको म्हणून गॅलरीत जाऊन उभी राहिलीस. लक्ष्मी रोडला ब्लाउज टाकायला म्हणून सकाळी एकटी गेलीस ती दुपारी रिकाम्या हाताने रिक्षातून आलीस, आणि शिंपी बंद होता म्हणालीस. मंगळवारी कुठला शिंपी बंद असतो? दोन दिवस नुसता मऊ भात खाल्लास. मला वाटलं, तुझ्या मनात माझ्याविषयी काही आलं आहे. आलं असेल तर बोलून टाक, मी ऐकून घेईन. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस की माझा जीव टांगणीला लागतो.

ताई


करामा, दुबई
२ डिसेंबर १९९८

ताई,

तुझ्याविषयी मनात काही नाही. प्रवासाचा शीण होता आणि पाळीचा त्रास. ब्लाउज इथेच शिवून घेतले. वासूचं गोदाम अल क्वोजहून रास अल खोरला हललं, तो सातला निघतो आणि नऊला येतो. मीही ऑफिसात जादा काम घेतलं आहे. दिवस जातात.

मंजुषा


करामा, दुबई
३ सप्टेंबर २०००

ताई,

बऱ्याच दिवसांनी लांबलचक पत्र लिहिते आहे. फोनवर हे बोलता येत नाही, वासू शेजारी असतो.

आमच्या ऑफिसच्या युसुफभाईंच्या बायकोला इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गुण आला, म्हणून तिने मला जवळजवळ ओढत नेलं. बाई हैदराबादच्या. त्यांनी माझी फाइल पहिल्यापासून वाचली. असं कुणी केलं नव्हतं. मग म्हणाल्या, "देखिए मंजुषाजी, ये जो इंजेक्शन का थिअरी था ना, उस पे अब बहुत डाउट है. बाहर बडी स्टडी हुई, फायदा नहीं निकला. और चार मॅच हो या दो, इस से हम कुछ कह नहीं सकते." मी विचारलं, मग कारण काय? त्या म्हणाल्या, "कारण नहीं मिला. पर कारण न मिलना बुरी बात नहीं है. ऐसी औरतों को बच्चे होते हैं. आप सैंतीस की हो, अभी ट्राय कीजिए, मैं हर हफ्ते देखूंगी." पुढच्या महिन्याची तारीखही देऊन टाकली.

वासूला सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "तुला हवं असेल तर मी तयार आहे." ताई, दोन वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून बोलला. त्याने गुपचूप छोट्या बेडरूममधले खोके हलवायलाही सुरुवात केली आहे.

अडून बसले आहे ती मी. बाई काहीही म्हणोत, तो कागद मी शेकडो वेळा पाहिला आहे. सहापैकी चार. त्याच्या आधारावर मी माझ्या मनाची समजूत घातली आणि बरंच काही निभावून नेलं. आज कुणीतरी येऊन म्हणतं, तो धरू नका. कशी सोडू? वासूने हलवलेले ते खोके दिसले की मी त्या खोलीचं दार लावून घेते. मी नाही म्हणणार आहे. तू मला ओळखतेस, तू सांग, मी चुकते आहे का?

मंजुषा


कोथरूड, पुणे
२५ सप्टेंबर २०००

मंजू,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या बॉक्सवर पाठवते आहे, कारण वासूने आधी वाचायला नको. तू एकटी असताना वाच.

हो, तू चुकते आहेस. आणि ती चूक माझी आहे. तो कागद वासूचा नाही.

मुरलीधर शनिवारी नळी देऊन गेले. तुझी चिठ्ठी मी वाचली होती. पण मे महिना, घरात भट्टी झालेली, त्यात संध्याकाळी वीज गेली. घरातलं दूध नासलं. मला वाटलं, दूध नासतं तिथे रक्त कसं टिकेल? डॉक्टर लोक एसीत बसून लिहितात, त्यांना इथला उकाडा काय माहीत. वीज आल्यावर मी नळी उचलली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. रविवारी सकाळी काढली तेव्हा आत बर्फ झाला होता आणि काच तडकली होती.

तुला फोन करणार होते. पण वासूने एकदाच देईन म्हटलं होतं. तू पंधरा दिवस अबोला धरून त्याला राजी केलं होतंस. माझ्या हातून ते वाया गेलं, असं कोणत्या तोंडाने सांगू? तेवढ्यात दत्ता आंघोळ करून बाहेर आला. एकाच आईबापाची पोरं, एका अंगणात वाढलेली, चेहराही तोच. मला वाटलं, रक्त तरी वेगळं कुठून असणार. लॅबमध्ये सांगितलं, भाऊ दुबईहून स्वतःच आला आहे, ताजं घ्या. माणूस म्हणाला, उत्तम. दत्ताने वासूच्या नावाने सही केली. त्याला मी शपथ घातली होती. डिसेंबरात वासू खरोखर आला तेव्हा लॅबमधल्या कुणी काही विचारलं नाही, आणि मी सुटले असं समजले.

तू म्हणशील, अडाणी होतीस, कळलं नाही. तेवढंच असतं तर मी आज ताठ मानेने लिहिलं असतं. पण मला कळलं. ९८च्या ऑगस्टमध्ये दत्ताच्या बँकेतल्या प्रल्हाद शिपायाला किडनी हवी होती. सख्खा भाऊ द्यायला तयार होता. तपासलं तर याच खुणा जुळेनात. दत्ताने घरी येऊन सांगितलं, "ताई, डॉक्टर म्हणतात, सख्ख्या भावंडांत चौघांतल्या एखाद्याचंच पूर्ण जुळतं." म्हणजे दत्ताच्या खुणा त्या वासूच्या नव्हेत, हे आम्हा दोघांनाही कळलं. तेव्हापासून दोन वर्षं मी हे गिळून बसले आहे.

तू ऑक्टोबरात आलीस तेव्हा सांगणारच होते. सोमवारी दुपारी तू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी तुझ्या पायाशी येऊन बसले. "मंजू" म्हणून हाक मारली. तू "काय गं" म्हणालीस, इतक्या थकलेल्या आवाजात, की मला वाटलं, एवढं दुःख झालेल्या पोरीला आणखी कशाला त्रास द्या. तुम्ही थांबायचं ठरवलंच होतं, आता सांगून काय फरक पडणार, असं मनाशी म्हटलं. मी विचारलं, चहा टाकू का? तू नको म्हणालीस. मी उठून गेले.

आता फरक पडतो म्हणून सांगते. वासूच्या खुणा कुणी बघितलेल्याच नाहीत. त्या कागदाला धरून बसू नकोस. त्या बाईंचं ऐक. माझं तोंड बघू नकोस हवं तर, वासूला सगळं सांग, त्याने मला काय वाटेल ते बोलावं, पण तू ही संधी घालवू नकोस. तुझ्या पाया पडते.

ताई


करामा, दुबई
१९ ऑक्टोबर २०००

ताई,

तुझं पत्र मिळून दोन आठवडे झाले. मी तुला माफ केलं असं लिहायला तीनदा बसले आणि तीनदा कागद फाडला. ते खरं नाही. खरं असेल तेवढंच लिहिते. हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण दत्ताभाऊजींनीही वाचायला नको.

मी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हटलं, रिपोर्ट मेरे हजबंड का नहीं था. त्या शांतपणे म्हणाल्या, "तो भी कोई फर्क नहीं. सही होता, तब भी मैं यही बोलती." त्यांच्या लेखी काही बदललं नाही. फ्रीजर, दत्ताभाऊजी, सही, सगळं त्यांना सारखंच. तू निर्दोष आहेस असं हवं तर समज. वैद्यकशास्त्र तुझ्या बाजूने आहे.

पण मी तो कागद खरा मानून एक गोष्ट केली आहे.

९८मध्ये आम्ही थांबायचं ठरवलं आणि सप्टेंबरात मला दिवस राहिले. ठरवून नाही. वासूला सांगितलं नाही. त्याने मुलाच्या वेळी ती सही करताना पेन दोनदा खाली पाडलं होतं, ते मी आतून पाहिलं होतं. मला वाटलं, हेही जाणारच, सहापैकी चार. मग पाच महिने वाट बघून, पोट दाखवून, अस्मीचा हात त्यावर ठेवून कशाला जाऊ द्यायचं? लवकर गेलं तर निदान चेहरा तरी दिसणार नाही. इथे ते करता येत नाही, म्हणून तुझ्याकडे आले. तू एकटी ये म्हणाली होतीस, ते निमित्त झालं.

पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी आधी सोनोग्राफी केली. नववा आठवडा. त्या म्हणाल्या, "ठोका चांगला आहे हो. पुन्हा एकदा विचार करा." मी पर्समधून तो रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि संमतीचा फॉर्म पुढे केला.

तू सोमवारी दुपारी माझ्या पायाशी बसली होतीस. माझी वेळ मंगळवारी सकाळी दहाची होती.

तुझ्या मनात येईल की तेही गेलंच असतं, आधीची चार गेली तसं. मीही रोज हेच म्हणते. असेलही. पण ती चार गेली, ताई. हे मी घालवलं. दोन्हीत काय अंतर आहे, ते तुला सांगायला नको.

तू म्हणतेस, संधी घालवू नकोस. बाईंनी दिलेली तारीख मी रद्द करून आले. वासूला म्हटलं, माझं धैर्य होत नाही. तो बरं म्हणाला आणि खोके परत लावायला घेतले, मी मदत करायला गेले तर नको म्हणाला. त्याला वाटतं मी भ्याले. तसं नाही. आता पुढचं बाळ गेलं तर मी सोसेन, मला सवय आहे. पण ते जगलं तर? ते रांगायला लागलं, शाळेत गेलं, तर मला रोज कळत राहील की तेही असंच जगलं असतं. ते मला पेलणार नाही. मला मूल हवं आहे, या घडीलाही हवं आहे, आणि ते जगेल याचीच मला भीती वाटते. असं कुणाचं झालेलं ऐकलं आहेस?

वासूला यातलं काही सांगणार नाही. तुझं सांगितलं तर माझंही सांगावं लागेल, आणि मग त्या माणसाला बहीणही राहणार नाही आणि बायकोही. तुझं पत्र मी जाळलं. तू हे जाळ. दोन वर्षं मी हे एकटीने सांभाळलं, आता तुलाही माहीत आहे. तुला कळावं म्हणूनच लिहिलं, मन हलकं करायला नाही.

वासू शुक्रवारी फोन करेल. नेहमीसारखी बोल.

मंजुषा